घरच्या संगणकाचे प्रश्न: मोठ्या माणसांना तुम्ही कसं समजावता?

शेवंती (शनिवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. आमचे अण्णा आणि आई सावईवेऱ्याला राहतात, दोघंच. अण्णा ७४ वर्षांचे, मराठी शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. त्यांचा संगणक २०१४ चा, विंडोज १० वाला. त्यावर ते ईमेल बघतात, वीजबिल भरतात, भजनं टाइप करतात. मी मडगावला असते. आजवर काही अडलं की शेजारचा मुलगा येऊन बघायचा. तो गेल्या महिन्यात बोटीवर गेला आणि तेव्हापासून सगळे प्रश्न फोनवरून माझ्याकडे येतात.

सध्या तीन गोष्टी अडल्या आहेत. आठ दिवस झाले, अण्णांना एकही ईमेल आलेला नाही. मी पाठवलेला 'पोचला नाही' म्हणून परत आला. दुसरं म्हणजे संगणक आहे माजघराला लागून असलेल्या खोलीत आणि राउटर आहे बाहेरच्या सोप्यावर. आत वायफाय येतं न येतं असं. तिसरं, पडद्यावर मधूनच काहीतरी मोठं निळं पान येतं, 'तुमच्या विंडोजचा सपोर्ट संपला' म्हणून. ते आलं की अण्णा घाबरून थेट बटण बंद करतात.

पण खरा प्रश्न वेगळाच आहे. फोनवर सांगायला गेलं की दोघांचाही आवाज चढतो. मी म्हणते ब्राउझर उघडा, ते म्हणतात तो कुठे असतो. मग रविवारी घरी गेले की मी माऊस हातात घेते, पाच मिनिटांत करून टाकते आणि पुढच्या रविवारी तेच काम पुन्हा पुढ्यात. चौथीच्या मुलांना भागाकार शिकवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना मला हे नीट सांगता येत नाही याचं फार वाईट वाटतं. तुमच्याकडे कसं चालतं?

रातांबा (शनिवार, रात्री १०.०५)

ईमेल परत येतोय म्हणजे बहुतेक जागा भरली आहे. जीमेलला फुकट मिळते ती १५ जीबी, आणि ती एकट्या ईमेलची नसते. ईमेल, ड्राइव्ह आणि गुगल फोटो तिघांची मिळून एकच कोठी. १ जून २०२१ पासून फोटोही त्यातच मोजतात, आणि अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप गुगलवर ठेवला असेल तर आता तोही. अण्णांच्या मोबाइलवर तेच खातं आहे ना? मग मोबाइलवर येणाऱ्या सुप्रभातच्या फुलांनी त्यांच्या ईमेलची वाट अडवली असणार.

शेवंती (शनिवार, रात्री १०.११)

तेच खातं आहे. आणि फुलं तर रोजची आहेत! कुठे बघू?

रातांबा (शनिवार, रात्री १०.३०)

जीमेल संगणकावर उघडलं की डाव्या बाजूला किंवा पानाच्या तळाशी किती जागा वापरली ते दिसतं. त्यावर टिचकी मारली की कोणी किती खाल्ली तेही कळतं.

आधी ईमेल आवरा. वरच्या शोधचौकटीत उजव्या टोकाला आडव्या रेघांचं एक चिन्ह आहे. ते उघडलं की 'आकार' विचारतात. तिथे १० एमबीपेक्षा मोठे असं सांगा. मोठे ईमेल तेवढे समोर येतील. नको ते काढा. यानंतरची पायरी सगळे विसरतात: काढलेलं सामान कचऱ्याच्या टोपलीत जातं आणि तिथे ३० दिवस पडून राहतं. टोपली रिकामी केल्याशिवाय जागा सुटत नाही.

आणि फोटोंना हात लावण्याआधी थांबा. गुगल फोटोमधून काढला की तोच फोटो मोबाइलमधूनही जातो. आमच्या घरी असे मुंजीचे फोटो गेले होते. ते टोपलीत सापडले म्हणून निभावलं. आधी पेन ड्राइव्हवर किंवा संगणकावर उतरवून घ्या, उघडून बघा, मगच पुसा.

आठ दिवसांत जे ईमेल परत गेले ते आता आपोआप येणार नाहीत. ज्यांच्याकडून अपेक्षित होतं त्यांना पुन्हा पाठवायला सांगावं लागेल.

चिरेबंदी (शनिवार, रात्री ११.१५)

वायफायचं मी सांगतो, बांधकामातला माणूस आहे. सावईवेऱ्याचं जुनं घर म्हणजे चिऱ्याची भिंत, दीड फूट तरी जाड, कुठे कुठे दोन. अशा दोन भिंती ओलांडायच्या म्हणजे वायफायचा जीव जातो. पावसाळ्यात चिरा ओल धरतो तेव्हा आणखी कमी.

हल्लीचा राउटर बहुधा दोन वायफाय देतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. नावापुढे ५ असेल ते वेगवान, पण भिंतीपुढे लंगडं. २.४ हळू, पण भिंतीतून जास्त आत जातं. आतल्या खोलीसाठी २.४ जोडून बघा. राउटर टीव्हीमागे, आरशाच्या बाजूला किंवा लोखंडी कपाटावर असेल तर तिथून हलवा. दाराच्या रेषेत उंचावर लावला तर भिंतीऐवजी दारातून जातं. हे सगळं फुकटचं आहे, ते आधी करा.

भागलं नाही तर सरळ वायर ओढा. राउटर ते संगणक जोडणारी लॅनची वायर १०० मीटरपर्यंत चालते. घर कितीही लांबलचक असलं तरी त्यात बसतं. माळ्यावरून कौलांखालून नेली की दिसतही नाही. फक्त उंदरांपासून जपा, पाइपात घाला.

खाजें (रविवार, सकाळी ७.२०)

चिरेबंदी, वायर ओढा हे बरोबरच, पण शेवंतीच्या अण्णांनी माळ्यावर चढू नये एवढं लिहायला हवं होतं. आमच्या बाबांनी ऐकून लगेच शिडी लावली असती!

चिरेबंदी (रविवार, सकाळी ७.४८)

बरोबर बोललात. वायरमनला बोलवा.

पाटो (रविवार, सकाळी ८.३०)

त्या निळ्या पानाबद्दल. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं आहे. त्याचा अर्थ संगणक बंद पडणार असा नाही. मायक्रोसॉफ्ट सुरक्षेची नवी अपडेट आपोआप पाठवत नाही, एवढंच. घराला दार आहे, पण कडी मोडली तर दुरुस्त करायला कोणी येणार नाही.

२०१४ चा संगणक विंडोज ११ घेणार नाही. त्याला टीपीएम २.० ही संगणकातली सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. तेव्हाचे बहुतेक चौथ्या पिढीचे. त्यामुळे धडपड करू नका. एक सोय आहे: मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी सुरक्षेची अपडेट एक वर्ष वाढवून दिली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीचा दुवा दिसतो. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत जाऊन सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसे लागत नाहीत. तेवढ्यात पुढचं ठरवायला वेळ मिळतो.

पण आधी एक सांगा. त्या पानावर कुठे फोन नंबर होता का?

शेवंती (रविवार, सकाळी ९.०२)

अण्णांना विचारलं. म्हणाले, 'नंबर असेलही, मी वाचायला थांबलो नाही.'

पाटो (रविवार, सकाळी ९.१०)

मग पुढच्या वेळी वाचायला सांगा, फक्त काही दाबू नका म्हणावं. खरं पान कधीच फोन नंबर देत नाही. 'तुमच्या संगणकात विषाणू आहे, या नंबरावर ताबडतोब फोन करा' असं आलं, बरोबर भोंगा वाजायला लागला, तर ते शंभर टक्के चोराचं. ते ब्राउझरमधलं एक साधं पान असतं, पडदाभर पसरवलेलं. आल्ट आणि एफ४ एकदम दाबलं की जातं. नाही गेलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि ब्राउझर बंद करायचा. तेही जमलं नाही तर अण्णा करतात तेच, सरळ बटण बंद. ते घाबरून करत असले तरी चुकीचं काही करत नाहीत, त्यांना हे जरूर सांगा.

मोगरा (रविवार, सकाळी १०.२५)

पाटो यांनी लिहिलं ते वाचून अंगावर काटा आला. माझी मावशी म्हापशाला एकटी राहते. गेल्या वर्षी तिच्या पडद्यावर असंच आलं. तिने नंबर लावला. पलीकडचा माणूस गोड बोलला, 'आंटी, मी दुरुस्त करतो' म्हणून दुसऱ्याचा संगणक लांबून चालवायचं ॲप तिच्याकडूनच घालून घेतलं. मग म्हणे ४९९ रुपये भरा. तिने बँकेचं पान उघडलं आणि तिच्या डोळ्यांदेखत माऊसचा बाण आपला आपण हलायला लागला. तिने मला नंतर सांगितलं, 'बाय, तो बाण हलला तेव्हा घरात कोण तरी शिरल्यासारखं वाटलं.'

तिने काय केलं माहीत आहे? उठून भिंतीवरचा राउटरचा स्विच बंद केला. तेवढ्याने पैसे वाचले. मग बँकेला फोन करून खातं थांबवलं आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार दिली. पैसे गेले असते तरी पहिल्या तासात १९३० ला फोन करणं महत्त्वाचं असतं. पैसा पुढे सरकायच्या आधी वाटेत अडवता येतो.

ती हुशार म्हणून वाचली. पण महिनाभर संगणकाला हात लावला नाही तिने. चोराने पैसे नेले नाहीत, तिचा धीर मात्र नेला, त्याचं मला जास्त लागलं.

सत्तरीचा_वारा (रविवार, सकाळी ११.४०)

यावरून आठवलं, 'डिजिटल अरेस्ट'. पोलीस, सीबीआय, कोर्ट असलं काही सांगून व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवतात. कायद्यात असला प्रकारच नाही. कुठलाही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही. आमच्या गावात मी हे देवळाच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवलं आहे, खाली १९३० मोठ्या आकड्यात. शेजारी आणखी एक ओळ आहे: पैसे घ्यायला पिन लागत नाही. यूपीआयचा पिन पैसे द्यायला किंवा शिल्लक बघायला टाकायचा असतो.

निवृत्त_बाई (रविवार, दुपारी १२.५५)

शेवंती, तुमचा मूळ प्रश्न मागे पडू नये म्हणून लिहिते. मी ६९ वर्षांची. म्हणजे या धाग्यात मी अण्णांच्या बाजूची.

माझी सून फार गुणी आहे. काही विचारलं की लगेच येते, माऊस घेते, टक टक टक, 'झालं आई'. दहा सेकंद. मला बाण कुठे गेला तेही दिसत नाही. पुन्हा विचारायला मग लाज वाटते, म्हणून मी आठ दिवस थांबते. आठ दिवस तो ईमेल तसाच पडून.

एकदा तिला म्हटलं, तू माझ्या शेजारी बस आणि हात पाठीमागे धर. तिने खरोखरच धरले. त्या दिवशी पुस्तकाच्या प्रूफाची फाइल ईमेलला जोडून पाठवायला मला पंचवीस मिनिटं लागली. तिच्या बोटांची चुळबुळ मला दिसत होती, पण बसली बिचारी. त्यानंतर मी ते काम तिला कधी विचारलं नाही.

दुसरं, ती जे सांगते ते मी माझ्या शब्दांत वहीत लिहिते. 'अटॅचमेंट' असं नाही लिहीत. 'कागद अडकवायची पिन' असं लिहिते, कारण चित्र तसंच आहे. 'सेंड' म्हणजे 'खाली डावीकडचं निळं बटण'. तुम्ही त्यांना तुमचे शब्द देऊ नका. त्यांना पडद्यावर काय दिसतंय ते विचारा आणि तेच नाव ठेवा. मास्तर आहेत, वही त्यांच्या हाताला नवी नाही.

कोकमसार (रविवार, दुपारी १.३०)

बाईंचं पटतं, तरी दुसरी बाजूही लिहितो. मी दिवसभर हेच काम करतो, लोकांच्या घरी जाऊन. फोंडा ते वाळपई. प्रत्येक गोष्ट शिकवायला बसलो तर दिवसात दोन घरं होतील. आणि सगळ्यांना शिकायचं नसतंही. एक काका मला स्पष्ट म्हणाले, 'मला विहिरीचा पंप दुरुस्त करता येत नाही आणि त्याची लाज वाटत नाही. मग याची का वाटावी?' बरोबरच आहे त्यांचं.

माझा हिशेब असा: जे रोज करायचं ते त्यांच्या हातून करून घ्यायचं. ईमेल उघडणं, उत्तर देणं, फाइल जोडणं, प्रिंट काढणं. जे वर्षातून एकदा येतं ते आपण करून टाकायचं. बॅकअप लावणं, राउटर बसवणं, दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर मोबाइलवरचा कोडही मागणं).

निवृत्त_बाई (रविवार, दुपारी १.५२)

मान्य. पण पासवर्डचं जे काही कराल ते माझ्या देखत करा, मला सांगून. घराची किल्ली कुणाकडे आहे हे घरच्या बाईला माहीत हवं.

खाजें (रविवार, दुपारी २.१०)

आमच्या आत्याचा परवा फोन. 'अगो, हा संगणक विचारतोय सगळ्या कुकीज स्वीकारू की नाकारू. मला तर साखर आहे, मी नाकारल्या.' मी म्हटलं, आत्या, अगदी बरोबर केलंस!

रातांबा (रविवार, दुपारी २.१४)

आत्याला माझा नमस्कार सांगा. तिचं उत्तर तज्ज्ञांच्या तोंडात शोभेल.

सत्तरीचा_वारा (रविवार, दुपारी ३.४५)

दुहेरी पडताळणीचा विषय निघाला म्हणून. आमच्याकडे मोबाइलला रेंज एका ठिकाणीच येते, फणसाखाली. बाबा संगणकावर पासवर्ड टाकतात आणि कोड येईपर्यंत फणसाकडे पळतात. परत येईपर्यंत पानाची मुदत संपलेली. पावसात तर विचारूच नका.

यावर दोन उपाय मिळाले. गुगलच्या सुरक्षेच्या पानावर बॅकअप कोड मिळतात, एका वेळी दहा, प्रत्येक आठ आकडी. छापून ठेवायचे, एक वापरला की खोडायचा. बाबांनी ते पंचांगाच्या शेवटच्या पानाला चिकटवले होते, मी काढून कपाटात ठेवायला लावले. दुसरा उपाय म्हणजे ऑथेंटिकेटर ॲप. त्याला रेंज लागत नाही, कोड मोबाइलमध्येच तयार होतो. हे मला दोन वर्षं कोणी सांगितलं नव्हतं.

पाटो (रविवार, दुपारी ४.०५)

कागदावर पासवर्ड लिहायला लोक नाकं मुरडतात, मी मुरडत नाही. कुलपातल्या कपाटात एक वही असणं हे सगळीकडे नातवाचं नाव आणि जन्मसाल हा एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा कितीतरी बरं. परदेशातल्या चोराला तुमचं कपाट दिसत नाही.

मोगरा (रविवार, दुपारी ४.३०)

पण घरी कामाला येणारं-जाणारं असतं हो. वही नको वाटते मला. निदान बँकेचे तरी लिहू नयेत.

पाटो (रविवार, दुपारी ४.४१)

बँकेचे नकोतच, ते मान्य. ईमेलचा मात्र हवा. ईमेल हाती असला की बाकीचे बरेच पासवर्ड पुन्हा मिळवता येतात. म्हणूनच चोरही आधी तोच मागतो.

आंबोळी (रविवार, संध्याकाळी ५.२०)

थोडं विषय सोडून लिहिते. माझे काका दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या ईमेलमध्ये आमच्या घराण्याची वंशावळ होती, पोर्तुगीज काळातल्या कागदांचे फोटो होते, चाळीस वर्षांचं साहित्य. पासवर्ड कोणालाच माहीत नाही. गुगल दोन वर्षं न वापरलेली खाती पुसतं हे आम्हाला उशिरा कळलं.

गुगलच्या खात्यात 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' म्हणून सोय आहे. तीन महिने ते दीड वर्ष यातली मुदत आपण निवडायची. तेवढा काळ खातं वापरलं गेलं नाही तर आपण नेमलेल्या माणसांना कळवतात आणि सांगितलेला मजकूर उतरवून घेऊ देतात. दहा माणसं नेमता येतात. काकांनी ते केलं असतं तर! शेवंती, अण्णांची भजनं संगणकात आहेत म्हणालात म्हणून मुद्दाम लिहिलं. अशुभ वाटून घेऊ नका.

शेवंती (रविवार, संध्याकाळी ५.५०)

नाही हो आंबोळी, अशुभ कसलं. वाचून पोटात तुटलं मात्र.

कुडाळवाट (रविवार, संध्याकाळी ६.३५)

भजनं कुठल्या फाँटमध्ये टाइप केली आहेत? हे विचारायलाच हवं. आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकांच्या संहिता आबांनी जुन्या फाँटात टाइप केलेल्या, २००३ पासूनच्या. नवा लॅपटॉप घेतला, फाइल उघडली आणि इंग्रजी अक्षरांचा नुसता चिखल. आबांना वाटलं सगळं गेलं. जेवलेच नाहीत त्या रात्री.

गेलं काहीच नव्हतं. जुन्या फाँटांमध्ये संगणकाला मराठी कळतच नाही. तो आपला इंग्रजी अक्षरं साठवतो, फक्त त्यांच्यावर मराठीचा मुखवटा असतो. फाँट नसला की मुखवटा गळतो. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून ते कुठेही मराठीच दिसतं. जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये बदलून देणारे परिवर्तक मिळतात, पण फाँट कुठला ते नेमकं माहीत हवं. बदलल्यावर वाचून काढावं लागतं. रफार आणि पहिली वेलांटी इकडची तिकडे जाते. आम्ही दोघांनी मिळून अख्खा मे महिना वाचलं. 'कर्ण' कुठे 'कण' झालेला, कुठे भलत्याच अक्षरावर रेफ. आबा नाटक म्हणत जायचे, मी दुरुस्त करत जायचो. मला आमच्या गावचं एक अख्खं नाटक त्यामुळे पाठ झालं.

नव्याने टाइप करायला विंडोजमध्येच मराठी आहे. सेटिंग्जमध्ये 'वेळ आणि भाषा', त्यात मराठी जोडा, कीबोर्ड फोनेटिक घ्या. विंडोजचं बटण आणि स्पेस एकदम दाबलं की इंग्रजी-मराठी बदलतं.

कोकमसार (रविवार, रात्री ८.१०)

आता पावसाळ्याचं. सगळ्यांनीच वाचा, कारण जूनमध्ये माझी निम्मी कामं यातलीच असतात.

गडगडाट सुरू झाला की नुसता स्विच बंद करून भागत नाही. स्विच एकच वायर तोडतो, दुसरी जोडलेलीच राहते. पिन सॉकेटातून उपसून काढा. संगणकाची, राउटरची, प्रिंटरची. लोक म्हणतात आमचं फायबर आहे, काचेतून वीज येत नाही. काचेतून नाही येत, पण राउटरला विजेचा अडॅप्टर आहे ना? तिथून येते आणि लॅनच्या वायरीने संगणकात शिरते. काही फायबरच्या वायरींना आधाराला पोलादी तारही असते. तेव्हा चिरेबंदींच्या सांगण्यावरून वायर ओढलीत तर वादळात तीही काढून ठेवा.

दुसरं, ओल. पावसाळ्यात संगणक आठवडाभर बंद ठेवू नका. रोज अर्धा तास चालवला की स्वतःच्या उष्णतेने सुकतो. चालू केल्यावर नुसती पीं-पीं शिटी वाजली आणि पडदा काळाच राहिला तर घाबरू नका, बऱ्याचदा रॅमच्या (आतल्या मेमरीच्या) पट्टीवर ओलीचा थर बसलेला असतो. पिन काढा, बटण एकदा दाबून आतली वीज जाऊ द्या, पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवरून शाळेतला साधा खोडरबर हलक्या हाताने फिरवा. रबराला काळं लागतं. भुगा फुंकून टाका आणि दोन्ही बाजूंनी 'टक' आवाज येईपर्यंत परत बसवा. माशेलला एका घरी कॅबिनेट उघडलं तर आत मुंग्यांनी अंड्यांसकट घर केलं होतं, पंख्याच्या मागे, उबेला. म्हणून कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, वीतभर उंच ठेवा.

चिरेबंदी (रविवार, रात्री ८.३२)

२०१४ चा संगणक आहे, एवढं सगळं करण्यापेक्षा नवीनच घ्यावा असं माझं मत.

कोकमसार (रविवार, रात्री ८.५०)

नाही पटत. त्याच संगणकात जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी (वेगवान नवी डिस्क) घातली की दोन मिनिटांनी उघडणारा वीस-तीस सेकंदांत उघडतो. सपोर्टची मुदत संपली की विंडोजऐवजी लिनक्स मिंट घाला. फुकट आहे, पेन ड्राइव्हवरून न बसवता आधी चालवूनही बघता येतं, फायरफॉक्स त्यात असतोच. अण्णांना ईमेल, ब्राउझर आणि टायपिंग एवढंच लागतं. चालणारं यंत्र भंगारात टाकायला माझा हात धजत नाही.

पाटो (रविवार, रात्री ९.०५)

लिनक्स चांगलंच आहे, पण ७४ व्या वर्षी ओळखीचा पडदा बदलणं सोपं नाही. त्यांना विचारून करा.

शेवंती (पुढचा सोमवार, रात्री ९.१५)

उशिरा लिहितेय. काल आख्खा दिवस सावईवेऱ्याला होते, सगळं सांगते.

निवृत्त_बाई, मी हात पाठीमागे धरले. खरंच. अण्णांना म्हटलं, तुम्ही माऊस धरायचा, मी फक्त विचारणार. 'पडद्यावर काय दिसतंय?' असं पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते माझ्याकडे बघतच राहिले. मग शाळेत वाचायचे तसं वरपासून खालपर्यंत वाचायला लागले. डाव्या बाजूला खाली लाल अक्षरात जागा भरल्याचं लिहिलेलं होतं. ते त्यांना इतके दिवस रोज दिसत होतं. म्हणाले, 'मला वाटलं जाहिरात असेल.'

रातांबा, तुमचा अंदाज बरोबर, जवळजवळ १५ जीबी गच्च. मोठे ईमेल काढले तर त्यात एकाच लग्नाचे व्हिडिओ, तीन जणांनी तीनदा पाठवलेले. ते पेन ड्राइव्हवर घेतले, उघडून बघितले, मग पुसले. टोपली रिकामी करायची पायरी अण्णांनी वहीत लाल पेनाने लिहिली: 'केर काढला तरी सुपलीतून बाहेर टाकल्याशिवाय घर स्वच्छ होत नाही.' फुलं मात्र पुसायला तयार होईनात. प्रत्येक फूल कोणी पाठवलं ते बघून, 'हा माझा विद्यार्थी' असं करत बसले. शेवटी व्हॉट्सॲपच्या बॅकअपमधून व्हिडिओ वगळले. मी चाचणीचा ईमेल पाठवला, तो आला. त्यांनी मला उत्तर दिलं: 'पोचला. अण्णा.' समोरासमोर बसून!

राउटर सोप्यावर कुठे होता सांगू? देवघराच्या मागच्या लोखंडी कपाटावर. दाराच्या रेषेत वर लावला आणि संगणकाला २.४ जोडलं. चालतंय, वायरीची गरज पडली नाही. घाबरवणारं पानही काल आलं. अण्णांनी मोठ्याने वाचलं, नंबर नव्हता, खरंच होतं ते. मुदतवाढीची नोंदणी केली. पुढचं चवथीनंतर ठरवू. भजनं युनिकोडमध्येच आहेत, ती दोन पेन ड्राइव्हवर घेतली, एक मी मडगावला आणला.

बॅकअप कोड कपाटात. आईला कुठे आहेत ते सांगितलं, तिने अण्णांच्या देखत किल्ली दाखवली.

आता एकच राहिलं. अण्णांनी आज स्वतः एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा) उतरवून घेतला, पण प्रिंटर 'ऑफलाइन' म्हणतोय. दिवा लागतो, कागद आहे, शाई आहे. कालपर्यंत छापत होता.

निवृत्त_बाई (सोमवार, रात्री ९.३०)

'पोचला. अण्णा.' वाचून डोळे भरले गो बाय.

कोकमसार (सोमवार, रात्री ९.३४)

प्रिंटर वायफायचा का? काल वायफायमध्ये आणखी काही बदल केला होता का, नाव, पासवर्ड वगैरे?

शेवंती (सोमवार, रात्री ९.४०)

हो, वायफायचाच. पासवर्ड बदलला होता, सोपा होता म्हणून.

कोकमसार (सोमवार, रात्री ९.४६)

मग प्रिंटर बिचारा जुन्या किल्लीने दार ठोठावतोय. त्याच्या पडद्यावर वायरलेसचं चिन्ह असेल, तिथे जाऊन नवा पासवर्ड द्या. २.४ वालं नाव निवडा. घरगुती प्रिंटरांपैकी बऱ्याच जणांना ५ दिसतच नाही. जोडला की संगणक एकदा बंद-चालू करा. रांगेत अडकलेली जुनी कामं आधी रद्द करा, नाहीतर सगळी एकदम छापून येतील. आणि फोनवर सांगताना अण्णांना आधी विचारा, प्रिंटरच्या पडद्यावर काय दिसतंय.

शेवंती (सोमवार, रात्री १०.२०)

अण्णांनी वाचलं, मी ऐकलं. पस्तीस मिनिटं लागली, आवाज कोणाचाच चढला नाही. रांग रद्द करायची राहून गेली म्हणून उताऱ्याच्या पाच प्रती निघाल्या. पाठकोऱ्या बाजूला भजनं लिहीन म्हणाले. देव बरें करूं, सगळ्यांना.